तेवीस वाकड्या रेघा

...आणि वर मलाच म्हणतात, 'तुम्ही डोकं कशाला चालवलंत?' डोकं कशाला चालवलं! अहो, तुम्हाला सांगतो, बेचाळीस वर्षं सुतारकी केली, हजारभर दारं बसवली असतील, पण माझ्या हातचं एक दार कधी अडकलं नाही. एक नाही! ...म्हणजे, एक अडकलं. घरचंच. न्हाणीघराचं. बायको आत होती. तीन तास. पण लाकूड ओलं होतं आणि बाई तापट होती, दोघांनीही फुगायचं ठरवलं, आता यात माझं काय चुकलं, सांगा!

तर ते जाऊ द्या. मी गिटारीचं सांगत होतो.

आमची सूनबाई दातांची डॉक्टर. माझ्या तोंडात या ज्या दोन कवळ्या दिसतायत ना, वरची आणि खालची, दोन्ही तिच्याच हातच्या. दिवसभर लोकांची तोंडं उघडायची आणि संध्याकाळी लोकांचे कान बंद करायचे, असा तिचा दिनक्रम. म्हणजे ती गिटार वाजवते. चौघांचा जथा आहे त्यांचा. एका मोटार गॅरेजच्या मागच्या खोलीत जमतात, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी जातो! गॅरेजवाला मला म्हणाला, "काका, हे लोक सुरू झाले की गिऱ्हाइकाचं इंजिन खडखडतंय की नाही तेच मला कळत नाही." त्यांचा जो गाणारा आहे ना, तो सरकारी खात्यात वजनमापं तपासतो. दिवसभर तराजूपुढं गप्प उभा, सभ्य माणूस, पण हातात माइक आला की असा ओरडतो, असा ओरडतो, की वाटतं याच्या पायावर कुणीतरी पाच किलोचं वजन टाकलंय आणि ते सहा किलोचं निघालंय!

तर एक दिवस ही माझ्या कामाच्या खोलीत आली, इकडं तिकडं बघितलं, रंध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, मला एक गिटार करून द्याल?"

मी म्हटलं, "गिटार म्हणजे काय गं, एका फळीला दुसरी फळी! आठ दिवसांत देतो." माझं तोंड हे असं आहे. डोकं उठून चपला घालेपर्यंत तोंड गावाला पोचलेलं असतं.

मग म्हणते, "आठ तारांची हवी."

"आठ? सहा असतात ना? सहाला काय झालं?"

"सहाचा आवाज पुरेसा खाली जात नाही, बाबा."

"किती खाली जायचाय?"

"पोटात लागेल इतका."

आता पोटात लागायला आमच्याकडे माझ्या बायकोचं बोलणं आहे, त्याला तारा लागत नाहीत, पण हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, "करू की!"

तेव्हा तिनं मला आपल्या खोलीत नेलं आणि पलंगाखालून एक गाठोडं काढलं. जुन्या चादरीत गुंडाळलेल्या फळ्या. चार. आणि त्या फळ्या मी बघताक्षणी ओळखल्या. व्याह्यांच्या!

आमचे व्याही जहाजावर इंजिनात कामाला होते. बाकीचे खलाशी बंदरावरून घड्याळं आणतात, अत्तरं आणतात, आणि हा बाबा काय आणायचा? लाकूड! प्रत्येक लांबच्या बंदरावरून एक फळी काखेत मारून यायचा. मी सुतार म्हणून मला मुद्दाम बोलवायचा, फळी टेबलावर ठेवायचा आणि मी हात पुढं केला की, "हां हां, लांबूनच बघा, व्याहीबुवा!" लांबून? सुताराला? त्याला पक्की शंका, की मी याचं स्टूल करीन. खोटं कशाला बोलू, केलंच असतं. आमचं दोघांचं एका गोष्टीवर कधी जमलं नाही, त्याला माझी थट्टा कळायची नाही आणि मला त्याचं मौन. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. फळ्या राहिल्या.

सूनबाई म्हणाली, "बाबा, हे पपांचं आहे. परत मिळायचं नाही. दीड महिन्यानं आमचा मोठा कार्यक्रम आहे, तिथं मला हीच वाजवायचीय." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी सावकाश, रोग्याला गोळी कशी घ्यायची ते सांगावं तशी म्हणाली, "कागदावर आहे तसंच करा. विचार करू नका."

विचार करू नका! मी चौथी शिकलेला माणूस आहे, त्यातही तिसरीत दोनदा. मला विचार करायची सवय तरी किती असणार!

लागलो कामाला. आणि काय सांगू तुम्हाला, त्या लाकडांनी माझी जी परीक्षा घेतली! पहिली फळी धडाची. पादुक का काय तिचं नाव, लालभडक. करवत घातली की भुकटी अशी उडते, जणू भिंतीआड कुणी वीट दळतंय. बायकोनं बाहेर चादरी वाळत घातल्या होत्या, पांढऱ्या. संध्याकाळी उतरवल्या त्या केशरी. शेजाऱ्यांचा पांढरा कुत्रा माझ्या पायाशी झोपायचा, तो घरी गेला तर घरातले त्याला आत घेईनात! म्हणे हा आपला नव्हे. मी काय त्याला रंगवला होता? यात माझं काय चुकलं, सांगा!

दुसरी फळी पट्ट्यापट्ट्यांची, दिसायला झकास, पण कापली की असा वास, की बायको दोनदा येऊन माझे मोजे शोधून गेली. तिसरी म्हणे जांभळी. कापली तर आतून मातकट! मी लगेच ओरडलो, "सूनबाई, तुझ्या पपांना कुणीतरी बनवलं गं, जांभळी म्हणून विटकरी गळ्यात मारली!" इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. आयुष्यभर लांबूनच बघा म्हणणारा माणूस फसला! आणि ती फळी तीन दिवस खिडकीतल्या उन्हात पडली आणि झाली जांभळी. अशी जांभळी, की शाईची बाटली लाजावी! उजेड लागला की रंग चढतो म्हणे तिला. मी मुकाट्यानं व्याह्यांच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो, म्हटलं, "बरं, बरं. हसू नका." हसत नव्हतेच. कधीच हसत नसत.

जांभळी आणि पट्ट्यांची, दोन्हींच्या कांबी काढून एकीला एक चिकटवून त्याची मान केली. हो, गिटारीला मान असते, डोकं असतं, धड असतं, घोडीसुद्धा असते, तारा जिच्यावर टेकतात ती. नसते फक्त अक्कल, ती करणाऱ्यानं पुरवायची.

आणि चौथी फळी. आबनूस.

काळी. अहो, काळी म्हणजे किती काळी? विहिरीत डोकावल्यासारखं वाटावं अशी काळी. हातावर घेतली तर लोखंड. रंधा मारला तर चकाकी अशी, की मी त्यात माझी मिशी बघून घेतली. ही बसणार मानेवर, हिच्यावर बोटं फिरणार, आणि हिच्यात आडव्या चोवीस खाचा पाडायच्या, प्रत्येक खाचेत एक धातूची पट्टी. माझ्या हातून कितीतरी लाकूड गेलं, पण असं लाकूड सुताराच्या नशिबात एकदाच येतं. मी हात धुऊन कामाला बसलो, एवढं सांगतो. मी! हात धुऊन!

आता तो कागद. सूनबाईनं नकाशा छापून आणला होता, पाच कागद एकाला एक चिकटपट्टीनं जोडलेले. मी तो टेबलावर पसरला, चष्मा लावला, आणि बघतो तर काय! त्या चोवीस रेघा वाकड्या! एक इकडं कललेली, एक तिकडं कललेली, बस घाटात वळल्यावर उभी माणसं झुकतात तशा. मधली एक तेवढी सरळ.

आता तुम्हीच सांगा. बेचाळीस वर्षं माझ्या हातात गुण्या आहे. लोखंडी काटकोन तो, चौकट सरळ आहे की नाही ते सांगणारा. मला रस्त्यानं चालताना कुणाची खिडकी कललेली दिसली तर मी दार वाजवून सांगतो! एकदा बोलणी पक्की करायला गेलो होतो तिथं भिंतीवरचं चित्र कललेलं होतं, मी उठून सरळ केलं, तर खिळाच निघाला. तर अशा माणसापुढं हा कागद! मी काय समजणार? मी समजलो, पोरीनं कागद जोडताना तिरके जोडले. आणि पुरावा बघा ना, मधली एक सरळ आहे, म्हणजे बाकीच्या सरळच असायला हव्या होत्या! वकिलानंसुद्धा मान्य केलं असतं.

बोलावं तर पोर वरमेल. म्हटलं, कशाला! आपण गुपचूप दुरुस्त करू. मोठ्या मनाचा माणूस आहे मी. गुण्या लावला आणि प्रत्येक रेघेचा मध्य धरून अशा सरळ खाचा पाडल्या, अशा सरळ, की केस मध्ये धरला तर केस शरमेल. चोवीसच्या चोवीस. वर रुमाल झाकला आणि हाक मारली, "सूनबाई! ये, बघ!"

आली. रुमाल उचलला. एकेका खाचेवरून बोट नेलं, अगदी दाढा तपासल्यासारखं. आणि म्हणाली, "अं."

दातांच्या डॉक्टरचा 'अं' तुम्ही ऐकलाय का? तो 'अं' झाला की समजायचं, दात गेला.

"बाबा, या सरळ आहेत."

"मग! उगीच बेचाळीस वर्षं—"

"कागदावर तिरक्या होत्या."

"तो तुझा कागद चुकला होता. मी दुरुस्त केला. राहू दे, आभार मानू नकोस."

ती खाली बसली. स्टुलावर. आणि मग तिनं मला समजावलं. तारा आठ. जाड तारेला लांबी जास्त लागते, बारीक तारेला कमी. म्हणून एका कडेचं माप लांब, दुसऱ्या कडेचं आखूड, आणि मधल्या पट्ट्या पंख्यासारख्या पसरतात. वाकड्या असतात म्हणूनच सूर सरळ लागतो. सरळ केल्या की एक जागा सोडली तर सगळं बेसूर!

मी म्हटलं, "पण तुमच्या त्या गाण्यात कुणाला कळणार आहे?"

हसेल वाटलं. माझ्या असल्या बोलण्यावर ती नेहमी हसते. नाही हसली. फळी हातात घेऊन म्हणाली, "पपांची होती ही." आणि गेली.

दोन दिवस घरात असा थंडावा, की बायकोनं खिडक्या लावून घेतल्या. सूनबाई माझ्याशी बोलेना. आणि आमचा दिवटा, माझा मुलगा, तो या खोलीतून त्या खोलीत निरोप घेऊन. "बाबा, ती म्हणते, चिडलेली नाहीये." "बाबा, ती म्हणते, खरंच चिडलेली नाहीये." "बाबा, ती म्हणते, तुम्हाला नाही म्हणायचं होतं, पण मला म्हणाली, की..." आणि मग हा पाणी प्यायला जातो! पूर्ण वाक्य या पोरानं लग्नानंतर एकदाही केलेलं नाही.

मी लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या. आबनूस? वखारवाले तोंडाकडे बघतात. एक म्हणाला, "काका, आबनूस नाही, पण आबनुसी रंगाचा प्लायवूड देतो." त्याच्या तोंडावर मी त्याचं लाकूड मारणार होतो, पण ते इतकं हलकं होतं, की लागलं नसतं.

मग मला सुचलं. हो, सुचलं! जन्मभर लोकांना टोप्या घातल्या, एक आणखी. घरात पांढऱ्या लाकडाची चांगली घट्ट फळी होती. तिला चार हात शाई पाजली, वर बूटपॉलिश, वर मेण, घासून घासून असा तुकडा तयार केला, की मीच क्षणभर फसलो. मुलाच्या हाती पाठवला. "सांग, एका जुन्या मित्राकडे सापडली, खास आहे."

पाच मिनिटांत सूनबाई स्वतः आली. एका हातात फळी, दुसऱ्या हातात ती दात टोकरायची आकडी. माझ्यासमोर उभी राहून तिनं एका कोपऱ्यात अलगद टोचलं, जरा ओढलं, आणि आत पांढरंफेक!

"दुखतंय?" तिनं फळीला विचारलं. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्हाला?"

अंगठा काळा झाला होता तिचा. बायको मागून म्हणते, "तरीच! डबी रिकामी कशी झाली म्हटलं, हे बूट कुठं घालतात!" आता मला सांगा, काळी फळी हवी होती, काळी दिली, यात माझं काय चुकलं?

पण त्या वेळी हे म्हणायची हिंमत झाली नाही. खरं सांगतो. मी म्हटलं, "चुकलं." एवढंच. आणि बायकोच्या हातातला तांब्या निसटला, कारण हा शब्द तिनं माझ्या तोंडून ऐकला नव्हता, न्हाणीघराच्या वेळीसुद्धा नाही.

सूनबाईनं आकडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "रविवारी दवाखान्यात या. आबनूसची सगळी भुकटी घेऊन."

गेलो. तर तिनं काय केलं असेल? ती आबनूसची फळी रोग्याच्या खुर्चीत झोपवली! वरून तो मोठा दिवा, बाजूला औजारांचा ट्रे, हातमोजे, तोंडाला फडकं. आणि माझ्या हाती थुंकी ओढायची नळी. "जिथं सांगीन तिथं धरायची. बोलायचं नाही, श्वासानं भुकटी उडते." मी विचारलं, "पण—" तर म्हणाली, "अं." मी गप्प.

सहा तास! सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच! त्या आबनूसच्या भुकटीत डिंक कालवून तिनं एकेक खाच भरली. थोडी घालायची, दाबायची, खरवडायची, पुन्हा घालायची. मधली सरळ ती ठेवली, बाकी तेवीस. मी नळी धरून. आयुष्यात इतका वेळ मी फक्त झोपेत गप्प असतो, आणि बायको म्हणते, झोपेतही नसतो. पण हात बघत होतो तिचा. अहो, काय हात आहे! मी बेचाळीस वर्षांत चार लोकांच्या हाताला हात म्हटलं असेल, त्यातला एक माझा. हा पाचवा.

मग पुढच्या रविवारी माझी पाळी. "आता कापा. कागदावर आहे तसं."

तुम्हाला सांगतो, करवत हातात घेतली आणि दोनदा परत खाली ठेवली. जाणूनबुजून वाकडं मी जन्मात कापलेलं नव्हतं! बोललो असेन वाकडं, वागलोही असेन, पण कापलं नव्हतं! समोर खिळ्याला गुण्या टांगलेला, तो माझ्याकडे असा बघत होता, असा बघत होता, की शेवटी मी उठून त्याच्यावर टोपी घातली. मग एक खाच. "बरोबर?" "हं." दुसरी. "बरोबर?" "हं." तेवीस वेळा मी विचारलं, तेवीस वेळा ती 'हं' म्हणाली. जगात कुणाला मी इतक्या वेळा 'बरोबर का' म्हणून विचारलेलं नाही. लग्नातसुद्धा एकदाच विचारलं होतं, आणि उत्तराआधी जेवायला बसलो.

झाली गिटार. लाल धड, जांभळी नि पट्ट्यांची मान, वर तो काळा कातळ, आठ खुंट्या, आठ तारा. उचलली तर उखळासारखी जड. हिला गळ्यात अडकवून ही पोर दोन तास उभी राहणार, आणि पाठ दुखते म्हणून तक्रार कोण करतं घरात? मी!

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसवलं आम्हाला. माझ्या कानात कापूस, बायकोच्या कानात कापूस, मुलाच्या कानात नाही, कारण स्वतःच्या बायकोसमोर घालायची त्याची छाती नाही. तो वजनमापवाला ओरडला, ढोल फुटले, आणि मग सूनबाईनं ती आठवी तार छेडली, सगळ्यात जाड. आणि माझी वरची कवळी खालच्या कवळीवर टाळ्या वाजवायला लागली! खरंच सांगतो! तोंड दाबून धरलं तरी थांबेना. कापूस काढला मी. बघतो तर पोरीचे डोळे मिटलेले, आणि बोटं त्या वाकड्या पट्ट्यांवरून अशी चाललेली, जणू हातानंच त्या पट्ट्या तिरक्या आखून घेतल्यात. सरळ असत्या तर मनगट मोडलं असतं. हे मला तेव्हा कळलं. व्याही असते तर मला म्हणाले असते, "हां हां, लांबूनच ऐका." ऐकलं असतं लांबून. त्या दिवशी ऐकलं असतं.

तर कार्यक्रम संपला, आणि मंचामागं एक दाढीवाला आला, गिटारी जमवणारा, खिशातून भिंगच काढलं त्यानं. काळ्या फळीवर वाकला, बराच वेळ वाकला, आणि म्हणाला, "वा! तिरक्या पट्ट्यांखाली या अंधूक सरळ रेघा! असं काम कुठं पाहिलं नाही. मुद्दाम ठेवल्यात?"

आता असा प्रश्न कुणी मला विचारावा का? भरल्या ताटावरून उठायची माझी सवय नाही! मी छाती काढली. "मुद्दाम म्हणजे? त्याशिवाय आवाजाला वजन येत नाही! आधी सरळ कापायचं, लाकडाला सरळ काय ते कळू द्यायचं, मग ते बुजवायचं, मग वाकडं. घराण्याचं गुपित आहे. आणि फळी एकच होती, साहेब. आबनूस! समुद्रापलीकडून आलेली, एकच! चुकायला जागाच नव्हती!"

दाढीवाल्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, दोनदा हलवला, आणि काहीतरी वहीत लिहून गेला. मी वळलो, म्हटलं, बघितलंस, सूनबाई! ती खाली बसून वायर गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, दोन होत्या."

"काय दोन?"

"आबनूसच्या फळ्या. दुसरी माझ्या कपाटात आहे."

अहो, मी तिथंच त्या स्पीकरच्या खोक्यावर बसलो. त्या वखारी! ते बूटपॉलिश! ते सहा तास नळी धरून! मी म्हटलं, "अगं, दोन होत्या, तर मग मला आधी सांगायला काय झालं होतं?"

तिनं वायरीला गाठ मारली, खोक्यात ठेवली, झाकण लावलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सांगणारच होते, बाबा. पण तुम्ही जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला?"